परळीची वाफ, गोदावरीचे पाणी

हवेत मिसळलेली पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती पुन्हा पाणी झाली की दिसते. वायूचे असे द्रव होणे घरोघरी रोज घडते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले की आतल्या बाजूने थेंब ओघळतात. जुलैच्या दमट दुपारी फ्रीजमधली बाटली बाहेर काढून ठेवली की थोड्याच वेळात ती बाहेरून ओली होते, आणि ते पाणी बाटलीतले नसून खोलीतल्या हवेतले असते. बीड जिल्ह्याच्या काळ्या रानात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे शाळू ज्वारीच्या पानांवर दहिवर साचते. निरभ्र रात्री पाने आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात, भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात आणि त्यांना लागून असलेल्या हवेतील वाफ त्यांच्यावर थेंब होऊन बसते. स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरात हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने साधलेली असते. तिथे थंडावा नसतो, दाब असतो. दाबामुळे ब्यूटेन आणि प्रोपेन हे वायू नेहमीच्या तापमानालाही द्रव होऊन राहतात. सिलिंडर हलवला की आत खळखळतो तो हाच द्रव.

वाफेचे पाणी होताना दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे उष्णता बाहेर पडते. उकळत्या पाण्याची एक ग्रॅम वाफ त्याच तापमानाचे पाणी होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता सोडते. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा भयंकर असतो तो यामुळेच. दुसरी म्हणजे आकार कमालीचा आटतो. 100 अंश सेल्सियसची साधारण 1,670 लिटर वाफ थंड झाली की तिचे जेमतेम एक लिटर पाणी उरते. बंद भांड्यात हे घडले तर आत जवळजवळ पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब त्या पोकळीवर चाल करून येतो.

यंत्रयुगाची सुरुवात या पोकळीतून झाली. इंग्लंडमध्ये टॉमस न्यूकॉमेनने 1712 मध्ये खाणीतले पाणी उपसणारे जे इंजिन चालवले, त्यात वाफ दट्ट्याला ढकलत नव्हती. सिलिंडरात वाफ भरायची, तिच्यावर थंड पाण्याचा फवारा मारायचा, वाफेचे पाणी झाले की पोकळी व्हायची आणि हवेच्या दाबाने दट्ट्या खाली यायचा. दर वेळी सिलिंडर तापवायचा आणि थंड करायचा, यात कोळसा बेसुमार जळत असे. ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅटला 1765 मध्ये तोड सुचली: सिलिंडर गरमच ठेवावा आणि वाफ शेजारच्या वेगळ्या थंड भांड्यात नेऊन तिचे पाणी करावे. 1769 मध्ये त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. ते वेगळे भांडे म्हणजे कंडेन्सर. पुढे 1884 मध्ये चार्ल्स पार्सन्सने वाफेवर फिरणारे टर्बाइन केले, दट्ट्या गेला, इंजिनाचे रूप पार बदलले. कंडेन्सर मात्र जागेवरच राहिला. आजही कोळशावरच्या प्रत्येक वीज केंद्रात तो असतो, आणि बीड जिल्ह्यात परळीलाही आहे.

परळी वैजनाथ हे बालाघाटाच्या डोंगररांगेला लागून वसलेले गाव. ज्योतिर्लिंगामुळे ते पूर्वापार माहीत होते. निजामाच्या राजवटीत विकाराबादहून बिदरमार्गे आलेल्या लोहमार्गाने ते हैदराबादशी जोडले गेले, दुसरीकडे परभणीशी जोडले गेले आणि जंक्शन बनले. ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरात, बीडमध्ये, प्रवासी गाडी पोचायला 2025 साल उजाडले, त्या जिल्ह्यात परळीला असलेला लोहमार्ग ही किती मोठी मत्ता होती हे वेगळे सांगायला नको. कोळसा वाघिणींनी येतो. जिथे वाघीण पोचते तिथेच औष्णिक केंद्र उभे राहू शकते.

हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी भारतात विलीन झाले, मराठवाडा 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. विजेच्या बाबतीत हा भाग फार मागे होता. कोयनेची वीज पश्चिमेला होती, विदर्भाला कोळशाच्या खाणी जवळ होत्या. मराठवाड्यात मोठे म्हणावे असे वीज केंद्र नव्हते. जून 1960 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने परळीला प्रत्येकी 30 मेगावॅटचे दोन संच उभारले आणि 1971 मध्ये ते सुरू झाले. आजच्या मानाने हे संच लहान वाटतील, पण ज्या खेड्यांत रॉकेलच्या चिमण्या जळत होत्या त्यांच्यासाठी ती मोठी घटना होती. पंचक्रोशीत केंद्राला लोक नुसते ‘थर्मल’ म्हणू लागले, आणि हे नाव आजही तोंडी आहे.

केंद्र सुरू झाले त्याच सुमारास मराठवाड्यावर दुष्काळ कोसळला. 1972 चा दुष्काळ म्हणून जो ओळखला जातो, त्याने लाखो माणसांना खडी फोडायच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर आणले. रोजगार हमी योजना त्यातून आकाराला आली. पाण्याच्या भरवशाबद्दलचा एवढा ठळक इशारा थर्मलच्या जन्माच्या वेळीच मिळाला होता. पण त्या काळाचा विश्वास वेगळा होता. पैठणला गोदावरीवर जायकवाडी धरण बांधले जात होते. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली होती आणि फेब्रुवारी 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. या धरणाच्या जलाशयाची, म्हणजे नाथसागराची, एकूण क्षमता 102 टीएमसीच्या घरातली. एवढे पाणी अडल्यावर मराठवाड्याला टंचाई भासणार नाही, असे त्या पिढीला मनापासून वाटत होते.

जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणा नदीवर माजलगावचे धरण झाले. पैठणच्या उजव्या कालव्याने नाथसागराचे पाणी बीड जिल्ह्यातून माजलगावच्या जलाशयापर्यंत आणायचे, अशी ती रचना. सिंदफणा पुढे मंजरथला गोदावरीला मिळते. थर्मलसाठी गोदावरीवर सोनपेठ तालुक्यात खडक्याला बंधारा बांधला गेला. नदीला पाणी असले की बंधारा भरतो. नसले की माजलगावहून पाणी सोडावे लागते आणि ते सिंदफणेतून गोदावरीत, गोदावरीतून खडक्याला येते. पाथरी तालुक्यातल्या मुदगलच्या बंधाऱ्यातूनही वेळप्रसंगी पाणी घेतले गेले. थोडक्यात, परळीच्या कंडेन्सरची तहान भागवायला नाशिक-नगरकडच्या घाटमाथ्यावर पाऊस पडावा लागतो. परळी शहराला पिण्याचे पाणी देणारा नागापूरचा वाण प्रकल्प वेगळा आणि तुलनेने लहान.

या पाण्याच्या आशेवर केंद्र वाढत गेले. 1980, 1985 आणि 1987 मध्ये 210 मेगावॅटचे तीन संच आले. त्यानंतर वीस वर्षे काही नवे झाले नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला राज्यात विजेची टंचाई इतकी वाढली की ग्रामीण भागात बारा-बारा तासांचे भारनियमन नेहमीचे झाले. विद्युत मंडळाचे 2005 मध्ये विभाजन झाले, निर्मितीचे काम महानिर्मिती कंपनीकडे आले, आणि परळीला 250 मेगावॅटचा एक संच 2007 मध्ये व दुसरा 2010 मध्ये सुरू झाला. जुने दोन छोटे संच निवृत्त झाले. तीन संच 210 चे आणि दोन 250 चे, मिळून क्षमता 1,130 मेगावॅट.

एवढ्या केंद्रात पाणी कुठे जाते, हे समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळणार नाही. 210 मेगावॅटच्या एका संचाचा बॉयलर ताशी साधारण 650 ते 700 टन वाफ तयार करतो. ही वाफ सुमारे 540 अंश तापमानाला, प्रचंड दाबाने टर्बाइनवर आदळते, पाती फिरवते आणि दाब व उष्णता गमावत शेवटच्या टोकाला पोचते. तिथे कंडेन्सर असतो: एक अवाढव्य पेटी, आत हजारो नळ्या, नळ्यांतून थंड पाणी वाहते आणि बाहेरून वाफ येऊन त्यांच्यावर थेंब होते. इथे वाफ 45 अंशांच्या आसपास द्रव होते आणि दाब हवेच्या दाबाच्या दहाव्या भागाएवढाच असतो. त्या विरळ अवस्थेत सुमारे चौदा-पंधरा हजार लिटर वाफेचे एक लिटर पाणी होते. म्हणजे टर्बाइनच्या एका तोंडाला जबर दाब आणि दुसऱ्या तोंडाला जवळपास पोकळी. या फरकामुळे वाफेतून शक्य तितके काम काढून घेता येते. कंडेन्सर नसता तर त्याच कोळशातून बरीच कमी वीज मिळाली असती. आगगाडीच्या जुन्या वाफेच्या इंजिनात कंडेन्सर नसे, वाफ भकभक करत धुराड्यातून हवेत जाई, म्हणून त्या इंजिनांना ठिकठिकाणी थांबून पाणी भरून घ्यावे लागे. औष्णिक केंद्रात मात्र वाफेचे झालेले शुद्ध पाणी पंपाने पुन्हा बॉयलरमध्ये जाते. ते फिरतच राहते.

मग पाणी संपते ते कोणते? नळ्यांतले. वाफेने पाणी होताना सोडलेली सगळी उष्णता नळ्यांमधल्या थंड पाण्याला घ्यावी लागते. 210 मेगावॅटच्या संचाला त्यासाठी ताशी पंचवीस हजार घनमीटरांच्या आसपास पाणी नळ्यांतून फिरवावे लागते. तापलेले हे पाणी केंद्रातल्या त्या कमरेत बारीक, वर-खाली रुंद असलेल्या मनोऱ्यांत नेऊन पावसासारखे खाली सोडतात. खालून हवा वर चढते, पाण्याचा थोडा भाग वाफ होऊन तिच्यासोबत निघून जातो आणि उरलेले पाणी थंड होते. मनोऱ्यातून निघणारा पांढरा लोट दुरून दिसतो. पुष्कळांना तो धूर वाटतो, पण तो सूक्ष्म थेंबांचा ढग असतो. गरम दमट हवा वर निघताच थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे पुन्हा पाणी होते. काही अंतरावर ते थेंब विरतात आणि पाणी हवेत नाहीसे होते.

इथे निसर्गाचा हिशेब सरळ आहे. वाफेचे एक लिटर पाणी झाले की जेवढी उष्णता सुटते, साधारण तेवढीच उष्णता एक लिटर पाण्याची वाफ करायला लागते. म्हणून कंडेन्सरमध्ये जेवढे पाणी परत मिळते, जवळजवळ तेवढेच पाणी मनोऱ्यातून आकाशात जाते. कोळशाच्या उष्णतेपैकी वीज होते ती सुमारे एक तृतीयांश. निम्म्याच्या आसपास उष्णता कंडेन्सरच्या वाटेने अशी उडून जाते. शिवाय बाष्पीभवनाने मनोऱ्याखालच्या पाण्यात क्षार साठत जातात, त्यामुळे त्यातले काही पाणी सतत काढून टाकावे लागते. राख वाहून नेण्यासाठीही पाणी लागते. केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये शीतन मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांसाठी जी मर्यादा घातली, ती एका मेगावॅट-तासाला 3.5 घनमीटर पाण्याची. त्या मर्यादेत राहूनही 1,130 मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालवायचे तर दिवसाला सुमारे साडेनऊ कोटी लिटर पाणी हवे.

हे पाणी ज्या जिल्ह्यातून जमवायचे, तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस जेमतेम आणि लहरी. जिल्ह्याची शेती वर्षानुवर्षे खरिपात बाजरी-कापूस आणि रब्बीत ज्वारी अशी कमी पाण्यावर बेतलेली. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या भागांतून दर दिवाळीनंतर लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात, त्यामागे हेच पाणी आहे. धरणांच्या भरवशावर ऊसही वाढला, आणि धरणाच्या एकाच साठ्यावर पिणारी माणसे, ऊस आणि थर्मल असे तीन दावेदार झाले.

2012 च्या पावसाळ्यात हा ताण उघडा पडला. गोदावरीच्या खोऱ्यात पाऊस कमी झाला, जायकवाडीत पुरेसे पाणी आले नाही, माजलगावचा साठा खालावला आणि खडक्याचा बंधारा आटत गेला. थर्मलचे संच टप्प्याटप्प्याने बंद करावे लागले. फेब्रुवारी 2013 मध्ये शेवटचा संच थांबला आणि 1,130 मेगावॅटचे सगळे केंद्र शांत झाले. वाफ करायची सोय जागेवर होती. त्या वाफेचे पुन्हा पाणी करायला पाणी नव्हते. 2011 मध्ये राज्याने पाणीवाटपाचा प्राधान्यक्रम बदलून पिण्याच्या पाण्यानंतर शेती आणि त्यानंतर उद्योग असा केला होता. टंचाईच्या वर्षी पिण्याच्या पाण्यालाच पहिला हक्क असतो आणि तो असलाच पाहिजे. गावोगाव टँकर फिरत असताना मनोऱ्यातून पाणी उडवणे कोणत्याही सरकारला समर्थनीय ठरले नसते. 2013 च्या पावसाळ्याने केंद्राला जीवदान दिले, संच पुन्हा धडधडू लागले, आणि त्या वर्षीची बंदी अपवाद मानली गेली.

ती अपवाद नव्हती. 2014 मध्ये मराठवाड्यात पाऊस सरासरीपेक्षा फार कमी झाला. 2015 मध्ये पुन्हा तेच, सरासरीच्या सुमारे 40 टक्के तूट. लागोपाठच्या दोन वर्षांनी धरणांतला उरलासुरला साठाही संपवला. माजलगाव मृतसाठ्याखाली गेले. केज तालुक्यात धनेगावला असलेले मांजरा धरण, ज्यावर लातूर, अंबाजोगाई, केज, धारूर, कळंब ही गावे-शहरे विसंबून असतात, कोरडे पडले. जुलै 2015 मध्ये परळीचे केंद्र दुसऱ्यांदा पूर्ण बंद झाले आणि या वेळी ते एका हंगामापुरते राहिले नाही. वर्षभर उलटले तरी ते बंदच होते.

2015 च्याच ऑगस्टमध्ये वाफेचे पाणी करण्याचा प्रयत्न आकाशात सुरू झाला. औरंगाबादला रडार बसवून आणि विमान आणून राज्य सरकारने मराठवाड्यावर कृत्रिम पावसाचा प्रयोग हाती घेतला. 2003 मध्येही राज्यात असा प्रयत्न झाला होता. ढगातली वाफ आणि अतिसूक्ष्म थेंब यांना धरून मोठे व्हायला कण लागतात. व्हिन्सेंट शेफर या अमेरिकी संशोधकाने 1946 मध्ये कोरडा बर्फ वापरून आणि त्याच वर्षी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइड वापरून हे कण बाहेरून पुरवता येतात हे दाखवले. तुलनेने उबदार ढगांसाठी मिठाच्या जातीचे क्षार वापरतात. या तंत्राची मर्यादाही स्पष्ट आहे: ढग असले तरच ते फुलवता येतात, निरभ्र आकाशातून काही काढता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने पुढे सोलापूर परिसरात केलेल्या शास्त्रीय अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. योग्य ढग निवडले तर ठरावीक क्षेत्रात सुमारे 18 टक्के जास्त पाऊस मिळू शकतो, असे त्यात आढळले. हा फायदा खरा आहे, पण तो आधी आलेल्या ढगांवरचा आहे. 2015 मध्ये ढगच अपुरे होते, आणि अशा फवारणीने धरणे भरत नसतात.

नोव्हेंबर 2015 मध्ये वरच्या धरणांमधून जायकवाडीत पाणी सोडण्यात आले. नगर आणि नाशिक जिल्ह्यांचा त्याला कडवा विरोध होता, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात आले होते आणि त्या कायद्याखालच्या प्राधिकरणाने सप्टेंबर 2014 च्या आदेशात त्याचे प्रमाण ठरवून दिले होते. आता ते प्रत्यक्ष नदीपात्रात उतरले. पण आलेले पाणी पिण्यासाठी होते. त्यातून थर्मल चालवण्याचा विषयच नव्हता.

शेजारच्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते, नंतर पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका खेपेला 25 लाख लिटर येऊ लागले. देशभर त्या ‘जलदूत’ गाडीची छायाचित्रे झळकली. परळीचे केंद्र पूर्ण क्षमतेने एक दिवस चालवायला अशा अडतीस गाड्या लागल्या असत्या. दुष्काळी प्रदेशात औष्णिक केंद्राचे पाणी म्हणजे किती, हे या एका आकड्यातून जसे कळते तसे कुठल्याही अहवालातून कळत नाही.

2016 च्या पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, मराठवाड्यावर जोरदार पाऊस झाला. माजलगाव आणि मांजरा भरली. 250 मेगावॅटचा आठवा संच याच दुष्काळाच्या काळात बांधून झाला होता. तो नोव्हेंबर 2016 मध्ये नियमित सेवेत आला. केंद्रात पुन्हा वाफ आणि वाफेचे पाणी सुरू झाले.

वर्षाहून अधिक चाललेल्या या बंदीची झळ सर्वांत आधी परळीला बसली. कायम कर्मचाऱ्यांना दुसऱ्या केंद्रांत पाठवता येते. कोळसा उतरवणारे, राख उचलणारे, दुरुस्तीची कामे करणारे कंत्राटी कामगार मात्र संच थांबला की घरी बसतात. राखेपासून विटा पाडणारे, वाहतूकदार, चहाचे आणि खाणावळींचे धंदे, सगळे त्याच चाकाला जोडलेले होते. शेतीवर पाणी नाही म्हणून ज्यांनी थर्मलचा आधार घेतला, त्यांचे तेही काम पाण्यानेच हिरावले.

परळी यात एकटी नव्हती. मार्च 2016 मध्ये पश्चिम बंगालमधले गंगेच्या पाण्यावर चालणारे फराक्का केंद्र कालव्यातली पातळी घटल्यामुळे थांबवावे लागले. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातल्या वीस मोठ्या औष्णिक वीज कंपन्यांपैकी चौदांना 2013 ते 2016 या काळात पाण्याअभावी निदान एकदा तरी एखादे केंद्र बंद ठेवावे लागले होते. पाण्याचा प्रश्न हा शेतीचा आणि नळाचा, विजेचा नाही, ही समजूत या चार वर्षांत मोडली. डिसेंबर 2015 च्या पाणीमर्यादेपाठोपाठ जानेवारी 2016 च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने पन्नास किलोमीटरच्या आत सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असेल तर तिथले पाणी वापरणे औष्णिक केंद्रांना बंधनकारक केले. नागपुरात हे घडलेही: भांडेवाडीला शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला मिळते, दिवसाला तेरा कोटी लिटरपर्यंत. परळीजवळ नागपूरएवढे शहर नाही, त्यामुळे ही वाट तिच्यासाठी बंदच आहे.

दुसरी वाट हवेची. कंडेन्सरमधली वाफ पाण्याऐवजी मोठ्या पंख्यांच्या वाऱ्याने थंड करायची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2012 च्या अहवालानुसार यामुळे केंद्राची पाण्याची गरज सुमारे 80 टक्क्यांनी घटते, पण मिळणारी वीजही सुमारे 7 टक्क्यांनी कमी होते, कारण उन्हाळ्याच्या हवेने वाफ पाण्याइतकी थंड करता येत नाही आणि कंडेन्सरमधली पोकळी तेवढी चांगली साधत नाही. उभारणीचा खर्चही जास्त. झारखंडमधल्या उत्तर करणपुरा केंद्रात राष्ट्रीय औष्णिक ऊर्जा महामंडळाने ही पद्धत वापरली आणि तिथला पहिला संच 2023 मध्ये सेवेत आला. परळीला नवे संच उभारले जात असताना असा विचार झाला असता तर 2013 आणि 2015 ची बंदी कदाचित अर्धीच राहिली असती. 1972 पाहिलेल्या प्रदेशात 2007 चा संच उभारताना पाणी गृहीत धरले गेले, ही या इतिहासातली सर्वांत महाग पडलेली गोष्ट आहे.

परळी तालुक्यातच साखर कारखानदारी वेगळे चित्र दाखवते. उसाच्या वजनात सुमारे 70 टक्के पाणी असते. रस आटवताना एका भांड्यातून निघालेली वाफ पुढच्या भांड्याच्या नळ्यांवर जाऊन पाणी होते आणि तिने सोडलेल्या उष्णतेवर पुढचा रस उकळतो. तीच उष्णता अशी तीन-चार वेळा कामाला येते. ही युक्ती नॉर्बर्ट रिलियू या अमेरिकी कृष्णवर्णीय अभियंत्याची, पेटंट 1843 चे. यामुळे इंधन वाचते आणि उसातले पाणी गरम पाण्याच्या रूपाने कारखान्याच्या हाती येते, इतके की नीट चालवलेल्या कारखान्याला हंगामात बाहेरून फार थोडे पाणी लागते. अर्थात ते पाणी मुळात शेतात उसाला दिलेले असते, आणि ऊस हे दुष्काळी भागातले सर्वांत तहानलेले पीक आहे.

आज परळीत 210 मेगावॅटचे जुने तीनही संच सेवेतून बाद झाले असून 250 मेगावॅटचे तीन संच उरले आहेत, एकूण क्षमता 750 मेगावॅट. संख्या घटल्याने पाण्याची गरज आपोआप कमी झाली. आता त्यांच्यापुढे दुसरी अडचण आहे. कोळसा खाणींपासून लांबून येतो, वाहतुकीचा खर्च विजेच्या दरात चढतो, आणि स्वस्त वीज आधी घ्यायची या नियमामुळे मागणी कमी असते तेव्हा परळीचे संच मागे पडतात. पाणी असले तरी ते नेहमी पूर्ण वेळ चालतातच असे नाही. खडक्याचा बंधारा मात्र अजूनही पैठण आणि माजलगावच्या साठ्यावर आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या पावसावरच अवलंबून आहे.